आत्या, तू नको टाकूस

आई, तुझा राग आला आहे म्हणून लिहायला बसले. तू जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की लोकांना सांगितलं तर म्हणतील, गेलेल्या माणसाशी कसलं भांडण? पण भांडण तू अर्धवट टाकून गेलीस, त्याला मी काय करू? तू होतीस तेव्हा तू बोलायचीस आणि मी ऐकून घ्यायची. आज मी बोलणार आहे, आणि तुला ऐकून घ्यावं लागेल.

त्याआधी तुला एक खेळ समजावून सांगते. तू पहिला प्रश्न विचारशील, "जिंकतं कोण?" कोणीच जिंकत नाही. हे ऐकून तू उठून जाशील, पण बस जरा. दर रविवारी दुपारची जेवणं झाली की आम्ही पाच जण आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसतो, कानाला हेडफोन लावून. दादाची मुलगी घोटीहून, तिचा कॉलेजमधला एक मित्र पुण्याहून, बाकीचे दोघं इथेच नाशकात, आणि मी. सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच नकाशा असतो. नदी, पूल, जंगल, पडका किल्ला, जे त्या दिवशी असेल ते. त्या चौघांचं एकेक पात्र आहे, ते मिळून फिरतात, संकटात सापडतात, लढतात. खेळ मी चालवते. म्हणजे ती चार पात्रं सोडून त्या जगात जे काही आहे ते सगळं मी. लांडगे मी, चोर मी, धर्मशाळेचा मालक मी. लढाई लागली की कोणाचा नंबर कधी, कोण कुठे सरकलं, कोणाचा किती जीव उरला, हे मी बघते आणि कोणालाही रेंगाळू देत नाही. वार बसला की हुकला ते मात्र फासा ठरवतो. वीस बाजूंचा. तोही खराखुरा नव्हे, स्क्रीनवरचा. बटण दाबलं की तो गडगडतो आणि सगळ्यांना एकदम आकडा दिसतो. मोठा आकडा पडला तर वार बसला, लहान पडला तर हुकला. हातात काही घोळवायचं नाही, फुंकर मारायची नाही. हाताचा इथे काडीचाही संबंध नाही, हे लक्षात ठेव.

कारण हाताचं खूळ तू सुरू केलंस. पंचवटीतल्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात ना, आणि बाहेरच्या ओट्यावरचा तुझा दह्याचा धंदा? मी पाचवीत आहे. तू मामाकडे साखरपुड्याला देवळ्याला गेली आहेस आणि जाताना मला बजावून गेली आहेस, दूध कोमट झालं की विरजण लाव. तू करंगळी बुडवून बघतेस तशी मी बघते, विरजण घालते, ढवळते, वर झाकण ठेवते. थंडी अशी की दाराच्या फटीतून येणारा वारा पायाला झोंबतो. सकाळी तू पहिल्या एसटीने येतेस, पिशवी खाली ठेवायच्या आधी झाकण उचलतेस, आणि आत दूध. जसंच्या तसं. ओट्यावर गिऱ्हाईकं भांडी घेऊन उभी आहेत. भाजीबाजारातल्या मावशी म्हणतात, "थंडी लय हाय ताई, पोरीचा काय दोष?" आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतेस, "थंडी काय आजच पडली का? हिच्या हाताला गुणच नाय."

त्या संध्याकाळी तू स्वतः विरजण लावलंस. मी बघत होते. पातेल्याभोवती तू जुनी गोधडी गुंडाळलीस आणि पातेलं स्टोव्हच्या शेजारी उबेला सरकवलंस. मला गोधडीचं सांगितलं होतंस का? नव्हतं सांगितलंस. ते दही गोधडीने लावलं, आई! पण नाव झालं तुझ्या हाताचं, आणि बदनामी झाली माझ्या.

मग ते वाक्य घरात मुक्कामालाच आलं. सकाळची भवानी तू माझ्या हातून कधी होऊ दिली नाहीस. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मी आत जाऊन तुला बोलवायचं. दादा बारावीच्या पहिल्या पेपरला निघाला तेव्हा मी हौसेने वाटीत दही-साखर कालवून दारात उभी होते. तू माझ्या हातातली वाटी काढून घेतलीस आणि स्वतः त्याच्या तळहातावर दही ठेवलंस. मला म्हणालीस, "तू राहू दे." ओरडली असतीस तर मी रडून मोकळी झाले असते. तू इतक्या साध्या आवाजात म्हणालीस, जणू सांगतेस की बाहेर ऊन आहे. दादा त्या वर्षी गणितात उडाला, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. दही तुझ्या हातचं होतं.

आता माझ्या कामाचं सांगते. तुला ते कधी धड कळलं नाही, तू लोकांना सांगायचीस, "दवाखान्यात आहे कुठंतरी." मी लॅबमध्ये रक्त घेते. रोज सकाळी माणसं उपाशीपोटी बाकावर बसतात आणि आत आली की बाही वर करून हात पुढे करतात. म्हाताऱ्या बायका शोधत येतात. "मॅडम, तुम्हीच घ्या, तुमचा हात हलका आहे, टोचलेलं कळत पण नाही." लहान मुलं माझ्याकडे बघता बघता रडायची राहून जातात. या हातात अर्ध्या नाशिकने आपला हात दिला, आई. तू नाही दिलास. तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी सुया, बाटल्या, कापूस सगळं घेऊन घरी आले, तेव्हा तू हात पदराखाली ओढून घेतलास. "तू नको. दुसऱ्या कोणाला तरी पाठव." मी माझ्या सोबतच्या बाईंना फोन करून बोलावलं. त्यांना तुझी शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं, आणि मी दारात उभी राहून ते बघत होते. गोळ्यासुद्धा वहिनीच्या हातून. मी फक्त पाण्याचा ग्लास धरायचा.

आणि तरी तू गेलीस. गेलीस ना? मग कुठे गेला होता गुण? वहिनीच्या हाताला कोणी नाव ठेवलं नाही, ठेवूही नये, ती बिचारी तुझ्यासाठी रात्रंदिवस खपली. पण त्यातली एक गोळी जरी माझ्या हातून गेली असती ना, तर आजही भाऊबंदांत तेच बोललं गेलं असतं. मी जन्मभर तो डाग घेऊन फिरले असते. कधी कधी वाटतं तू मला त्यातून वाचवलंस. पण मग लगेच राग येतो, कारण डाग लावणारीही तूच होतीस.

तुझ्या बांगड्या वहिनीकडे गेल्या आणि ते वाक्य तुझ्या नातीकडे गेलं. तू गेलीस तेव्हा ती एवढीशी होती, पण हे बरोबर लक्षात राहिलं तिच्या. तिनेच मला या खेळात ओढलं. सुरुवातीला खेळ ते आळीपाळीने चालवायचे, माझंही एक पात्र होतं, आणि दोन-तीनदा माझं दान खराब पडलं. कोणाचंही पडतं. ही हसत हसत सगळ्यांना म्हणाली, "आत्याच्या हाताला गुण नाहीये, आजी म्हणायची!" झालं. त्या दिवसापासून माझं दान चुकलं की चौघं मिळून "हात! हात!" ओरडायला लागले. पुण्याच्या मुलाला तर त्यातून एक युक्तीच सुचली. तो म्हणाला, "आत्या, खेळ तूच चालव. म्हणजे राक्षसांचे सगळे वार तुझ्या हातचे, एकही लागणार नाही आम्हाला." मी त्याला म्हटलं, "अरे, तू दिवसभर प्रोग्राम लिहितोस ना? बटणाला कोणाचा हात कसा कळेल?" तर म्हणतो, "ते मला माहीत नाही आत्या, पण गुण तो गुण." शिकलेली मुलं ही! मी चिडले, आणि चिडूनच हो म्हटलं.

पण आई, मला हे काम जमलं. लढाई चालवायला मला आवडतं. चौघं चार दिशांना ओरडत असतात, त्यांना एका दोरीत आणायचं, घाबरवायचं, पण हरवून टाकायचं नाही. तुझ्या नातीसाठी तर रविवार म्हणजे सगळं काही होतं. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, त्यानंतर तिने घोटीला शाळेची नोकरी धरली आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहायला लागली. दादा-वहिनीशी फोनवर हो-नाहीच्या पुढे बोलेना. खेळात मात्र तिचं पात्र आहे एका नावाडी मुलीचं, उद्धट, कोणालाही न भिणारी. रविवारी दुपारी त्या नावाडी मुलीच्या आवाजात ती भांडायची, हसायची, अरेरावी करायची. मला तेवढ्यावरून कळायचं की पोरगी ठीक आहे. आमच्या खेळात पात्र मेलं की मेलं, ते परत येत नाही. म्हणून मी तिला दर वेळी थोडी जपत आले, नियमात राहून.

गेल्या रविवारी पुलावर लढाई होती आणि नावाडी मुलगी पडली. पडलेल्या माणसाचा नंबर आला की एक दान टाकायचं. दहा किंवा वर पडलं तर श्वास टिकला, खाली पडलं तर संपली. तिचा नंबर आला आणि तिचा आवाज गेला. घोटीला लाइट गेली होती. आमच्यात पहिल्यापासूनचा नियम आहे, हजर नसलेल्याचं दान खेळ चालवणाऱ्याने टाकायचं. म्हणजे मी. मी बटणाकडे हात नेला आणि तिघंही एकदम ओरडले, "आत्या, तू नको टाकूस!"

पुण्याचा मुलगा काकुळतीला आला. "आत्या, मस्करी नाही करत. तिचं दुसरं काय आहे गं? मी टाकतो, प्लीज." आणि माझा पारा चढला. त्या मुलांवर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हटलं, नियम कशाला केला मग? राक्षसाचा वार हुकावा म्हणून माझा हात चालतो आणि माणूस जगावं म्हणून चालत नाही? कोणी शिकवलं तुम्हाला हे? पातेल्याला गोधडी गुंडाळली नाही म्हणून एका मुलीला किती वर्षं ऐकून घ्यायचं? त्यांना त्यातलं काही कळलं नसणार. हे सगळं मी तुला बोलत होते, आई. मिळालं त्यांना.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. तीच. आवाज तुटत होता. "आत्या, लाइट गेलीय इकडे, रेंज पण नाहीये नीट. ऐक ना, माझं दान तूच टाक. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. तूच टाक." आणि फोन कट झाला. हेडफोनचा माईक मी फोन उचलताना बंद केला होता, त्यामुळे तिचं बोलणं माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्या जिवाच्या गोष्टीसाठी मला म्हणालं होतं, तूच. मी बटणावर बोट ठेवलं. तीन माणसं वाट बघत होती. मी त्या बोटाकडे बघितलं, आणि आई, त्या बोटाने मला बटण दाबवेना. मी माईक चालू केला, पुण्याच्या मुलाला म्हटलं, "तू टाक," आणि पुन्हा बंद केला.

चौदा पडले. जगली.

संध्याकाळी लाइट आल्यावर तिचा मेसेज आला. "आत्याऽऽ कळलं मला, वाचले मी! बघ, तुझ्या हाताला गुण आहे. आजीला दाखवायला पाहिजे होतं." कोणीतरी तिला नुसतं एवढंच कळवलं होतं की जगली. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी एक हसरा चेहरा पाठवून दिला. येत्या रविवारी कोणीतरी बोलता बोलता सांगेलच तिला, दान कोणी टाकलं ते. तेव्हा ती काही म्हणणार नाही, तिचा स्वभाव तसा नाही. पण यापुढे मला "तूच टाक" म्हणेल का, ते मला माहीत नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, कुठे पाठवू? म्हणून जे कोणाला सांगणार नाही ते इथे लिहिते. स्क्रीनवर चौदा दिसले तेव्हा ती तिघं ओरडायच्या आधी माझ्याच तोंडून निघालं, "बरं झालं बाई, मी नाही टाकलं." माईक बंद होता, म्हणून कोणी ऐकलं नाही.