उजवीकडची कोर

२ जून
नवी नोकरी, नवं घर, खिडकीत चक्क झाड. ताईही आलीय. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे माझं बस्तान बसेपर्यंत ती हलायची नाही. काम पोटाचे एक्स-रे वाचायचं, माझ्या आवडीचं. डावीकडे जठरातल्या वायूचा फुगा दिसतो. तो धडधाकट माणसालाही असतो. उजवीकडे, यकृताच्या वर, काळी बारीक कोर दिसली तर मात्र आतडं फुटलेलं. मग लगेच ऑपरेशन. एक्स-रे काढणाऱ्या काकांनी आधीच्या डॉक्टरांचा रिपोर्टवर मारायचा शिक्का दाखवला: ‘वायू सामान्य’. वेळ वाचतो म्हणाले. मी हसून तो खणात टाकला.

१९ जून
दिवसाला दीडशे फिल्म. मान धरलीय, डोळे चुरचुरतात. शिक्का खणातून टेबलावर आलाय. हात आपोआप मारतो. ताई म्हणते, जेवताना तरी जागा राहा.

२४ जून
दगावलेल्यांच्या फिल्म तपासणीला परत येतात. आज एका सुताराची आली. परवा मीच शिक्का मारून त्याला घरी पाठवलं होतं. कोर होती. नखाएवढी, टोकाशी वाकडी. काका म्हणाले, त्यांनाही दिसली नव्हती. माझी मला लाज वाटते. आणि लाजेपेक्षाही झोप येते.

२७ जून
आज सात जणांना कोर. सर्जननी दोन पोटं उघडली, आत काही नाही. काकांना सातांतली एकही दिसत नाही. सगळ्या नखाएवढ्या. सगळ्या टोकाशी वाकड्या.

३० जून
आता प्रत्येक फिल्मवर. सर्जन म्हणाले, रजा घ्या, तुमचं ऐकून मी यापुढे सुरी धरणार नाही. उजवीकडे बघणंच सोडलंय. शिक्का — पुढची — शिक्का —

१ जुलै, दुपार
ताईच्या पोटात सकाळपासून कळा. फिल्म काढली.
कोर आहे.
काकांना दिसत नाही. पण सुताराचीही त्यांना —
सर्जनना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “खरी, की तुमची नेहमीची?” पाच मिनिटांत सांगा म्हणाले. टोक वाकडं असेल तर नेहमीचीच. तेच बघतोय. कधी वाटतं आहे, कधी —
ताई बाकावर, पोट धरून. काही नाही ना रे, विचारते.
सांगतो त्यांना. चुकलो तर चुकलो, उघडा म्हणतो. फक्त तिच्या रिपोर्टचा कागद —
कागदावर शिक्का आहे. शाई ओली. मी तर अजून शिक्क्याला हात —