पट्ट्यातून का नव्हता गेलात?

मी, श्रीमती गोदावरी हरी शेलार, वय बहात्तर, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार शिंपी मळा, सांगली, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझे खुब्याचे हाड मोडले आहे, डोके नाही. हे सुरुवातीलाच नोंदवते, कारण गेल्या वर्षभरात मला भेटायला आलेल्या बहुतेकांचा यात गोंधळ झालेला दिसतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याची हौस नाही.

१. शिंपी मळ्यातील राहते घर माझ्या पगारातून आणि माझे पती कै. हरी यांच्या साखर कारखान्यातील नोकरीतून बांधलेले असून आज माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते माझा मुलगा पुष्कर याला मिळावे. त्याच्यावर माझा राग आहे, तो पुढे येईल. पण रागापायी मुलाला बेघर करणाऱ्यातली मी नाही.

२. बँकेतील ठेवी आणि माझे दागिने सूनबाई सई हिला द्यावेत. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून "आई, दुखतंय का?" असे विचारणारी ती एकटीच होती.

बाकीच्यांनी काय विचारले, तेही या कागदावर यावे अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे माहेर मेढ्याचे. तिथल्या चढावर सायकल ही ढकलण्याची वस्तू. सांगलीत मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि एवढे सपाट रस्ते पाहून मी पहिल्या पगारात सायकल घेतली. सासूबाई म्हणाल्या, "सून सायकलवर बसलेली बरी दिसत न्हाई." हरी म्हणाले, "आई, ती दिसायला जात न्हाई, शिकवायला जाते." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. शाळेत खेड्यांतून येणाऱ्या किती मुलींना मी मैदानावर सायकल शिकवली, त्याचा हिशेब ठेवला नाही. शिकल्यावर त्या सगळ्या रस्त्यावरूनच घरी जात. तेव्हा रस्ता सगळ्यांचा होता.

मग आमच्या भागातल्या मोठ्या रस्त्याला सायकलसाठी वेगळा, हिरव्या रंगाचा पट्टा आला. माझे धाकटे दीर उदयसिंह यांच्या नागरिक समितीने त्याचा पाठपुरावा केला. मला आनंद झाला, हेही प्रामाणिकपणे लिहिते. उद्घाटनाला मला शाल दिली आणि पट्ट्यावरून पहिली सायकल मीच नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात त्या पट्ट्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. धुळा नावाच्या फळवाल्याने आपला टेम्पो तिथे कायमचा लावला. मी घंटी वाजवली की तो म्हणायचा, "बाई, तुमी दिवसातनं दोनदा जाताय. माझं गिऱ्हाईक दिवसभर हाय. जरा भायरनं जावा की." मी बाहेरून जायची. बाहेरून गेले की मोटारवाले काच खाली करून ओरडायचे, "ओ आजी, तुमचा पट्टा तिकडं हाय!" पट्ट्यात गेले तर टेम्पो, रस्त्यावर आले तर शिव्या. मग सायकलवाल्याने नक्की जावे कुठून? पट्टा ही आम्हाला दिलेली सोय, की रस्त्यावरून उठण्याची नोटीस? हे मी समितीच्या बैठकीत विचारले. उदयसिंह म्हणाले, "वैनी, एवढ्या खटपटीनं पट्टा करून घेतला, आन् तुमीच नावं ठेवताय व्हय?"

३. म्हणून उद्घाटनाची ती शाल उदयसिंहभावजींना परत द्यावी. घडी मोडलेली नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर, सकाळी दूध घेऊन येताना मी टेम्पोला वळसा घालायला रस्त्यावर आले. मागून हॉर्न वाजला, लगेच धडक बसली. मोटार शेजारच्या जाधवांची, चालवत होता त्यांचा मुलगा निमिष. त्याने मला उचलून त्याच मोटारीतून दवाखान्यात नेले.

तिथे माणसे येऊ लागली. धडक कशी बसली, गाडी किती वेगात होती, हे कोणी विचारले नाही. सफरचंदे ठेवायची, खुर्ची ओढायची आणि म्हणायचे, "बाई, पट्ट्यातून का नव्हता गेलात?" डॉक्टरांनी विचारले. फरशी पुसणाऱ्या बाईंनी विचारले. विमा कंपनीच्या वकिलाने तर ते लेखीच विचारले. आणि माझा पुष्कर पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "आई, पट्ट्यातून गेली असतीस तर हे झालंच नसतं." हाडापेक्षा ते जास्त लागले.

टेम्पो तिथे का होता, हे टेम्पोवाल्याला आजवर कोणी विचारलेले नाही.

निमिष एकदा एकटाच आला. खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "काकू, तुम्ही मला लांबूनच दिसला होता. मी ब्रेक मारला नाही, हॉर्न मारला. वाटलं, ह्यांना पट्टा आहे, होतील बाजूला."

मी म्हटले, "मग हेच तुझ्या जबाबात सांगशील?"

"बाबा घरात घेणार नाहीत."

"ते तू बघ."

त्याने सांगितले. साक्षीला उभा राहून, वडिलांसमोर, जसेच्या तसे सांगितले. दाव्याचा निकाल माझ्या बाजूने लागला. आलेली भरपाई हाडाच्या दुरुस्तीत गेली. जाधव आता मला पाहून दार लावून घेतात.

४. पंप, पाने आणि पंक्चरचे सगळे सामान माझी विद्यार्थिनी शाझिया हिला द्यावे. ती हल्ली रविवारी बायकांना सायकल शिकवते. त्यांना पट्ट्यातून न्यायचे की रस्त्यावरून, हे तिने त्या-त्या दिवशी पट्टा पाहून ठरवावे. समितीचा ठराव पाहून नव्हे.

५. आता पुष्कर. अपघातानंतर त्याने माझ्या नातीची, म्हणजे त्याच्या मुलीची, ओवीची सायकल कोणालाही न विचारता विकून टाकली आणि तिला शाळेसाठी रिक्षा लावली. ओवी नववीत आहे. ती रडत म्हणाली, "पप्पा, मी तर पट्ट्यातूनच जाते की!" आणि ते खरे आहे. पोरगी टेम्पोपाशी उतरते, सायकल हातात धरून पुढे नेते, पुन्हा पट्ट्यात चढते. पट्टा न पाळणारी मी, शिक्षा पाळणारीला. यावर आमची तीन पिढ्यांची एकत्र भांडणे झाली. पुष्करचे एकच, "मला भीती वाटते, आई." भीती मलाही वाटते. पण भीतीवर पोरीला घरात बसवणे हा इलाज असता, तर मी मेढ्याच्या बाहेर पडले नसते.

ओवीला सायकल चालवू दिली तरच पुष्करला घराचा ताबा मिळावा, अशी अट मला घालायची होती. माझे वकील म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकायची नाही." म्हणून घातली नाही. पण घालायची होती, हे त्याने वाचावे.

६. माझी सायकल या मृत्युपत्रात नाही. कोणी शोधू नये. मृत्युपत्रातली वस्तू मेल्यावरच मिळते असे वकिलांनी सांगितले, आणि मला एवढा वेळ थांबायचे नाही. ती मी आज सकाळी ओवीच्या हातात दिली. सईने सीट खाली करून दिले. पुष्कर दारात उभा होता. आडवा आला नाही. नोंदणीसाठी आम्ही रिक्षाने निघालो, त्याआधीच ओवी पुढे गेली होती. पट्ट्यातून गेली की रस्त्यावरून, हे मी तिला विचारलेले नाही आणि माझ्यामागे कोणी विचारू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सईने करावी. मजकूर मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली आहे आणि त्यांनी माझ्या समोर.

सही: गोदावरी हरी शेलार

साक्षीदार:
१. रहिमतबी इनामदार, निवृत्त शिक्षिका, सांगली. (सही)
२. निमिष जाधव, शिंपी मळा, सांगली. (सही) याला साक्षीदार का घेतले, असे उदयसिंहभावजी विचारतील. डोळ्यांनी पाहिलेले तोंडाने सांगणारा दुसरा माणूस या गल्लीत मिळाला नाही.

ठिकाण: सांगली
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४