आईसाठी बत्तीसशेची मेमरी

दि. ३ जून

चि. पिपाणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोललो की शेजारच्या खोलीत आईला सगळं ऐकू जातं, आणि तिच्याविषयी तिच्या माघारी बोललेलं तिला खपत नाही. पक्षाघाताच्या झटक्याने तिचं बोलणं गेलंय, कान नाहीत.

तिने बोलण्याचा सराव सोडला. पडद्यावर चित्र येतं, तिने त्याचं नाव घ्यायचं, की कॉम्प्युटर शाब्बास म्हणतो. पण आपला जुना डबा इतका मठ्ठ की उत्तर ऐकून घटकाभर ढिम्म. तेवढ्यात तिला वाटतं आपलंच चुकलं, आणि ती तोंड फिरवते. मी शेजारी बसून मदत करतो, तरी गाडी पुढे सरकत नाही. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय, हे दोन-तीन महिने वाया गेले तर आलेले शब्दही जातील. मला भीती वाटते गं.

म्हणून नवा कॉम्प्युटर मी स्वतःच जोडायला घेतलाय. चाळीस वर्षं घड्याळं उघडली, तेव्हा स्क्रूला काही घाबरत नाही. सगळं आलं, फक्त मेमरी राहिली. दुकानात तीन वेगांच्या पट्ट्या आहेत: सव्वीसशे सहासष्ट, बत्तीसशे, छत्तीसशे. कुठली घेऊ? मुलगी याच धंद्यात आणि बाप दुकानात बावळटासारखा उभा, हे बरं दिसत नाही.

तब्येतीला जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

बाबा


दि. ११ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. थोडी रडलेही, पण ते आईला सांगू नका.

बत्तीसशेच्या घ्या. एकाच पाकिटातल्या दोन सारख्या, आठ-आठ जीबीच्या. वेगवेगळ्या घेतल्या तर दोघी हळू असलेलीच्याच चालीने चालतात. छत्तीसशेचा रुबाब मोठा, पण आपल्या कामात फरक कळणारही नाही. मात्र पट्टी बसवली म्हणजे झालं, असं नाही. कॉम्प्युटर सुरू होताना सेटिंगच्या पानावर तिचा पूर्ण वेग चालू करावा लागतो. नाहीतर ती आपल्या मनाने एकवीसशे तेहतीसवरच रेंगाळते. आणि कृपा करून तिला तेल घालू नका!

दोघांना नमस्कार. आहे तसाच जीव लावा.

तुमची पिपाणी


दि. २० जून

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या फटक्यात दिवा लागला! तेल घातलं नाही.

पण खरं सांगतो, सेटिंगचं पान उघडलं आणि तसंच मिटलं. वेग मुद्दाम कमीच ठेवला. आईला एक शब्द जुळवायला केवढा वेळ लागतो. जलद यंत्र हात धुऊन तिच्या मागे लागेल असं वाटलं. आमच्या कामात म्हाताऱ्या घड्याळाला कडक स्प्रिंग घालत नाहीत, चाकांचे दात जातात. आई अजून खुर्चीत बसायला तयार नाही. काय करू ते कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बाबा


दि. २७ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हसू आलं, आणि तुम्हाला जवळ घ्यावंसंही वाटलं. पण तुमचं घड्याळ इथे चालत नाही. मेमरीचा वेग म्हणजे प्रश्न विचारण्याची घाई नव्हे. आईने हवा तितका वेळ घ्यावा, यंत्र गप्प थांबतं. ती बोलली की मात्र त्याने तिला ताटकळत ठेवू नये. फरक पापणी लवण्याइतकाच असेल, पण तेवढ्यातही तिला आपण चुकलो असं वाटायला नको. वेग पूर्ण द्या. माझं एवढं ऐका.

रागावू नका, आणि रागावलात तरी लोभ कमी करू नका.

पिपाणी


दि. ५ जुलै

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

वेग पूर्ण दिला आणि आईला हाताला धरून बसवलं. कात्रीचं चित्र आलं. तिचे ओठ हलायला लागले, आणि कॉम्प्युटर लगेच शाब्बास म्हणाला. आई तर अजून बोललीच नव्हती. कात्री मी म्हणालो होतो.

जुन्या डब्यावर शाब्बास इतक्या उशिरा यायचं की ते कोणाला, हे कळायचंच नाही. तिचा शब्द ओठांवर आला की तो मी आधीच बोलून टाकायचो, आणि सात महिने त्याला मदत म्हणत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत, पण अगदी स्वच्छ, तुम्ही गप्प बसा असं तिने मला सांगितलं. सात महिन्यांतलं तिचं पहिलं अख्खं वाक्य, पोरी! एवढं गोड मला आजवर कोणी झापलेलं नाही.

हे पत्र बाहेरच्या पायरीवर बसून लिहितोय. दार लोटलेलं आहे. आत ती एकटीच आहे, आणि बऱ्याच बऱ्याच वेळाने एकेक शाब्बास ऐकू येतंय. मी आत जात नाही.

तुझ्यावर दोघांचा जीव आहे, हे आता लवकरच तिच्याच तोंडून ऐकशील.

बाबा