पाडव्याचा चांद

२७ ऑक्टोबर १९७८, शुक्रवार. निपाणी

डॉक्टर येऊन गेले. अम्मांची साखर वाढलेलीच. सासूबाई म्हणून सांगत नाही, पण बाई हट्टी आहे. बकरी ईदच्या आधीचे नऊही रोजे धरायचे म्हणत होत्या. डॉक्टर म्हणाले, एकसुद्धा नको. भाजीबाजारात होते तशी घासाघीस झाली आणि शेवटी एकावर तुटलं. एकच रोजा, तो अरफाचा. ईदच्या आदल्या दिवसाचा. तिकडे हाजी अरफातच्या मैदानात उभे असतात, इकडे आपण रोजा धरायचा.

यंदा त्या स्वतःच तिकडे असायच्या. अब्बांचा आणि त्यांचा जहाजाला नंबर लागला होता. अब्बा, माझे सासरे, ऑगस्टात वारले आणि अम्मा विधवेच्या इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, मग हज कसली! बॅग अजून कपाटावरच आहे. कुणी उतरवत नाही. मी वरचेवर धूळ झटकते, एवढंच.

३१ ऑक्टो., मंगळवार

दिवाळी. शाळेला सुट्टी. शेजारच्या शांताआक्कांकडून फराळाचं ताट आलं. अम्मांना म्हटलं, जपून. "चकलीत साखर कुठं असती गं?" म्हणत दोन खाल्ल्या.

सकाळपासून ह्यांच्या मागे लागल्यात, चांद दिसायच्या आत केस-नखं कापून घे. कुर्बानी यंदा अब्बांच्या नावानं, आणि सुरी पहिल्यांदाच ह्यांच्या हातात. एकदा चांद झाला की कुर्बानी होईपर्यंत अंगाला कात्री लावायची नाही. हे म्हणाले, "उद्या बघू." ह्यांचं उद्या म्हणजे आमचा सीमाप्रश्न. तारीख पडते, निकाल लागत नाही.

१ नोव्हें., बुधवार

पाडवा. दिवस बुडाला होता. अम्मा परसात बकऱ्याला पाला घालत होत्या, शांताआक्का मधल्या भिंतीवर पणत्या मांडत होत्या, मी चपात्या करत होते.

"जुबेदा! आगं लौकर ये!"

तशीच धावले. पश्चिमेला वखारीच्या पत्र्यावर ढगाला जराशी फट पडलेली. अम्मांनी बोट केलं. "त्यो बघ. केसागत हाय. दिसला का गं?"

"व्हय," म्हणाले.

शांताआक्कांनाही दिसला. त्यांना भाऊ नाही, भाऊबीजेला त्या चंद्रालाच ओवाळतात. म्हणाल्या, "माजा भाऊ एक दिस आदीच आला की वो आक्का!" तिघी हसलो. तेवढ्यात फट मिटली. आत येऊन बघते तर तव्यावरची चपाती करपलेली.

हे रात्रीची इशाची नमाज करून मशिदीतून आले. चांद झाला नाही म्हणे. सगळीकडं ढग. राज्य बेंगळूरचं, जिल्हा बेळगावचा, बाजार कोल्हापूरचा, मग चांद कुणाचा धरायचा यावर मशिदीत दरवर्षी वाद होतो. यंदा बेळगावला ट्रंक कॉल लागला, तिथंही ढग. कोल्हापूरलाही ढगच. त्यामुळं भांडण तेवढं टळलं.

अम्मा म्हणाल्या, "आमी तिघींनी बघितलाय."

"अम्मा, तुज्या डोळ्यात मोतीबिंदू हाय."

"एका डोळ्यात हाय. दुसऱ्यानं बघितला."

मी भांडी घासत होते. मला नक्की काय दिसलं? एक उजळ रेघ होती. ढगाची कडसुद्धा असू शकेल. अम्मांनी इतक्या आनंदानं विचारलं की तोंडातून व्हय निघून गेलं. घरात दिवसातून पन्नासदा निघतं तसंच.

२ नोव्हें., गुरुवार

हे सकाळीच सलूनमध्ये जाऊन डोकं बारीक करून आले. मशिदीच्या हिशेबानं बरोबर, चांद अजून व्हायचाय. अम्मांच्या हिशेबानं तो कालच झाला आणि आज कुर्बानी करणाऱ्यानंच कात्री लावून घेतली. त्या ह्यांच्या डोक्याकडं बघत राहिल्या. जेवताना हे उगाच टोपी घालून बसले.

संध्याकाळी चांद गावभर दिसला. चांगला ठसठशीत. शांताआक्कांनी भिंतीपलीकडून ओवाळलं. अम्मा म्हणाल्या, "ह्यो काय पयल्या दिसाचा हाय व्हय? बघ केवढा!" हे म्हणाले, चांदाच्या जाडीवरून तारीख धरत नाहीत. तेही खरंच.

म्हणजे गावाची ईद १२ तारखेला, रविवारी. अरफाचा रोजा शनिवारी. अम्मांच्या चांदानं मात्र ईदच शनिवारी येते आणि अरफा शुक्रवारी. ईदच्या दिवशी रोजा हराम. म्हणजे गाव ज्या दिवशी रोजा धरणार, त्या दिवशी अम्मांना रोजा धरणंच पाप. आणि हातात रोजा एकच.

४ नोव्हें., शनिवार

अम्मा आज पोथी उघडल्यासारखं बोलल्या. "मला भाईर जाता येत न्हाय. तू जा मौलानांकडं. माजी बी गवाही सांग, तुजी बी सांग."

"शांताआक्का पण होत्या," मी म्हणाले.

"तिची चालत न्हाय म्हणं. का चालत न्हाय कुणास ठावं. तिचा तर भाऊ हाय त्यो."

हे म्हणाले, "गप ऱ्हावा दोघी. अख्ख्या गावाची ईद हलवायची हाय का?"

उद्या जाते म्हटलंय.

५ नोव्हें., रविवार

गेले. मौलाना वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांच्या बायकोनं चहा दिला. पडद्याआडून बोलणं.

मला वाटलं होतं, ते हसून वाटेला लावतील. तसं काही नाही. म्हणाले, "कोगनोळीचा एक शेतकरी बी येऊन सांगून गेलाय, पाडव्याला नाक्यापाशी चांद बघितला म्हणून. पर एकट्याची गवाही पुरी व्हत न्हाय. दोन मर्द पायजेत, न्हायतर एक मर्द आन् दोन औरती. अम्मांची गवाही घ्यायला आमी दाराशी येतो. तुमची आत्ता द्या. पुरी झाली तर सांच्याला भोंग्यावर सांगतो, ईद शनिवारी."

कप बशीत ठेवला. मला वाटत होतं मी नुसता निरोप घेऊन आलेय. तिथं कळलं की निपाणीची ईद माझ्यावर येऊन थांबलीय.

"अल्लाला हाजिर जाणून सांगा. चांद बघितला?"

"अम्मांनी बघितला."

"तुमी?"

शेजारच्या खोलीत कुणीतरी कांदा चिरत होतं.

"मला खात्री नाही," म्हणाले.

"मग न्हाय पुरी व्हत." रागावले नाहीत. "अम्मास्नी सांगा, जमातीसंगं ऱ्हावा. शनिवारचा रोजा धरा. चुकलं तर जबाबदारी आमची."

घरी येऊन अम्मांना शेवटचं तेवढंच सांगितलं. गवाही पुरी झाली नाही, शनिवारी धरा म्हणालेत.

"डोळं माजं, आन् जबाबदारी त्यांची व्हय?" म्हणाल्या. गवाही का पुरी झाली नाही, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

७ नोव्हें., मंगळवार

शाळा. चौथीला बेरजा दिल्या आणि दोन मुलांच्या चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करून बसले.

डोक्यात तेच. व्हय म्हणाले असते तर? कोगनोळीचा माणूस खरा, अम्मा खऱ्या, आणि मी खोटी. बरोबर तारखेसाठी खोटी साक्ष! आणि ती रेघ म्हणजे ढगच असेल, तर सगळ्या गावाची कुर्बानी एक दिवस आधी. मी योग्यच बोलले. तरी घरात अम्मांसमोर भाकरी वाढताना हात आखडतो. बाईचा नवरा गेला, हज गेली. एक चांद तेवढा स्वतःचा म्हणून उरला होता, तोही मी त्यांच्या हातातून काढून घेतला असं वाटतं. रडू येतं आणि रागही येतो, की कशाला मला हाक मारलीत त्या दिवशी?

९ नोव्हें., गुरुवार

संध्याकाळी रेडिओ. उर्दू बातम्यांत सांगितलं, आज लाखो हाजी अरफातच्या मैदानात उभे राहिले.

आज! म्हणजे तिथला गुरुवार, अम्मांचा शुक्रवार, गावाचा शनिवार. हे लगेच म्हणाले, "तिथला चांद येगळा, हितला येगळा. त्यात काय न्हाय."

अम्मा पलंगावरून उठल्या आणि बातम्या संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. पुढं बाजारभावाच्या, हवामानाच्या बातम्या लागल्या, तरी उभ्या. मी खांदा धरून बसवलं तेव्हा मोठ्यानं रडल्या. अब्बा गेले तेव्हाही अशा रडल्या नव्हत्या. "दोघं मिळून हुबं ऱ्हाणार हुतो गं," म्हणाल्या. मीही रडले. हे रेडिओ बंद करून बाहेर जाऊन उभे राहिले.

१० नोव्हें., शुक्रवार

अम्मांनी आजच धरला.

पहाटे मी उठले तर त्या भाकरी-दूध खाऊन बसलेल्या. मला उठवलंसुद्धा नाही. फजरच्या नमाजीला शेजारी शेजारी उभ्या राहिलो. सलाम फिरवल्यावर त्यांनी हळू आवाजात तकबीर सुरू केली. अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर... अरफाच्या फजरपासून प्रत्येक नमाजीनंतर म्हणायची असते. गाव उद्यापासून म्हणणार. अम्मा मध्येच थांबल्या. माझ्यासाठी थांबल्यात हे कळलं. मनात म्हटलं, अल्लाचं नाव घ्यायला कुठली गवाही लागते? त्यांच्याबरोबर म्हणाले.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजीनंतर, अम्मांना दरदरून घाम. हात गार. हे सरबत घेऊन आले, "पी. पोरखेळ लावलायस."

"मगरिबला पितो."

"काय झालं म्हंजी?"

"झालं तर झालं. चांगल्या दिसाला झालं म्हण."

हे ओरडले. मग अम्मांच्या पायाशी बसून तळवे चोळत राहिले. मी वारा घालत होते. अम्मांचे ओठ सारखे हलत होते. अब्बांचं नाव मध्ये मध्ये ऐकू यायचं. मनात दहादा आलं की आत्ताच सांगून टाकावं, अम्मा, मीच नाही म्हणाले. त्या अवस्थेत कसं सांगणार? आणि सांगून मला मोकळं व्हायचं होतं, त्यांना त्याचा काय उपयोग!

मगरिबची अजान झाली. खजूर, पाणी, मग सरबत. तासाभरात चेहऱ्यावर रंग आला. सुटले!

११ नोव्हें., शनिवार

मी गावाबरोबर धरला. ह्यांनीही.

अम्मांनी पहाटे एक घोट पाणी घेतलं. त्यांच्या चांदानं आज ईद, रोजा धरायचा नाही. मग दिवसभर काही खाल्लं नाही. भाकरी पुढं केली, डॉक्टरांचं नाव घेतलं, तर, "भूक न्हाय." चहा? "नगं." दुपारी मी चिडले तेव्हा अर्धी भाकरी दुधात कुस्करून भिंतीकडं तोंड करून खाल्ली. सारं गाव उपाशी असताना खायचं म्हणजे त्यांना शरम. हराम पण करायचं नाही आणि लोकांनाही सोडायचं नाही. ही कसरत त्यांनाच जमते.

संध्याकाळी आमचा रोजा सोडायची तयारी त्यांनीच केली. खजुराच्या बिया काढून ठेवल्या होत्या.

१२ नोव्हें., रविवार

ईद. हे ईदगाहवरून आले. मुलाण्यानं बकरा धरला, सुरी ह्यांच्या हातात. अम्मा परसाच्या दारातून म्हणाल्या, "बापाचं नाव मोठ्यानं घे." ह्यांनी घेतलं. नीट झालं सगळं. अम्मांना ना सुरमा, ना अत्तर, ना नवं लुगडं, इद्दतीतली पांढरी साडी. पण कलेजी शिजल्यावर पहिला घास त्यांनीच घेतला. शांताआक्कांकडं शेवयांची खीर दिली.

वाटे करायला बसलो. नातलगांचा, गरिबांचा, घरचा. दोघीच होतो.

"अम्मा," म्हटलं. "मौलानांकडं मी..."

"तुला दिसला न्हवता," त्या वाटे करता करता म्हणाल्या. "मला तवाच ठावं हुतं. मी दिसला का म्हणालो, तवा तू माज्या बोटाकडं बघत हुतीस. आभाळाकडं न्हाय."

हातातला वाटा परातीत ठेवला. "मग मला पाठवलंत कशाला?"

"म्हटलं बघू, सून खरं बोलती का माजं बोलती."

"माझ्यामुळं गवाही पुरी झाली नाही अम्मा."

"व्हय." जराही गोड करून नाही. राग होता का? असेल. हक्काचाच होता. पण आवाजात राग ऐकू आला नाही.

शेवटी मीच विचारलं. "खरंच होता का हो चांद?"

त्यांनी हात थांबवून माझ्याकडं पाहिलं. "तुला काय वाटतंय?"

व्हय जिभेवर आलंच होतं. ईदचा दिवस, अम्मांचं मन. गिळलं.

"मला माहीत नाही," म्हणाले.

"हां," अम्मा म्हणाल्या. "आता बोललीस." आणि परात माझ्याकडं सरकवली.