हळद्याला आवतण

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,

सप्रेम आशीर्वाद. माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुम्हा उभयतांचीही तशीच असावी.

मला कायमचे तुमच्याकडे नेण्यासाठी तू रविवारी गाडी घेऊन येणार असल्याचे कळले. त्याविषयी पुढे लिहितो. आधी बातमी अशी, की आपल्या परसात हळद्या पक्षी येऊ लागला आहे.

प्रारंभी माझी पद्धतच चुकली. मी थाळीत धान्य ठेवत असे. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "भावोजी, हळद्याला आवतण दिलंत आणि वरात कबुतरांची आली की हो!" हळद्या दाणे टिपत नाही, फळे आणि किडे खातो. जमिनीवरही सहसा उतरत नाही. मग मी संत्रे अर्धे कापले आणि कापलेली बाजू वर ठेवून फांदीवरच्या खिळ्यात रोवले.

त्यावर एक हिरवट, मळकट पक्षी बसू लागला. मला हवा होता हळदीसारखा पिवळा, डोळ्यांत काजळाची रेघ ओढलेला. म्हणून मी टाळ्या वाजवून त्याला हाकलीत असे. अखेर दुर्बिणीतून नीट पाहिले. छातीवर बारीक रेघा, चोच गुलाबीसर, शेपटीखाली पिवळा रंग. ती हळद्याची मादी होती! घरच्या लक्ष्मीलाच मी दारातून परतवीत होतो.

काल सकाळी ती आली तेव्हा मी स्वस्थ बसलो. तिच्या मागोमाग तो आला, पिवळाधमक. आणि मी स्वयंपाकघराकडे वळून ओरडलो, "अगं, लवकर ये, आला बघ!"

कुंपणापलीकडे वहिनी उभ्या होत्या.  त्या म्हणाल्या, "बरं झालं भावोजी, हाक मारलीत. किती महिने या घरातून आवाजच येत नव्हता."

तुझ्या आईचा उल्लेख मी आजवर 'कै.' लावूनच केला. कागदोपत्री ते योग्यच आहे. परंतु हाक मारताना 'कै.' लावता येत नाही, हे मला काल समजले. ओरडल्यावर मी रडलो, हेही लिहून ठेवतो. त्यानंतर पोटभर जेवलो.

तुझ्या घरी मला काहीही कमी पडणार नाही, याची खात्री आहे. परंतु तिथल्या स्वयंपाकघराकडे वळून मी कोणाला हाक मारू? तेव्हा मी येणार नाही. हा हट्ट नव्हे, विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. रविवारी अवश्य या, मुक्कामाला या. गाडीत माझ्या सामानासाठी मात्र जागा ठेवू नका.

तुझ्या आईच्या घरी सुखरूप असलेले,
तुझे बाबा