इंझोरीचे डोळे

२५ डिसेंबर, गुरुवार

या वर्षी माझ्या हातानं झालेलं — बुद्धमूर्ती चार, तीन बसलेल्या, एक उभी. शाळेच्या फाटकावरचे दोन हत्ती. शेडचं लोखंडी दार. आमच्या छोट्या हत्तीवर, म्हणजे टेम्पोवर, मूर्ती आडवी न्यायचा पाळणा (कुठं पाहून नाही, डोक्यातून काढला). सिमेंटचा मोर एक — त्याचं समाधान नाही, मान आखूड झाली. आणि चालू आहे ती इंझोरी गावच्या विहाराची मूर्ती, बसलेली, साडेपाच फूट, फायबरची. माघ पौर्णिमेला बसवायची आहे.

कोणाकडे शिकायला गेलो नाही. बिघडलं की फोडलं, पुन्हा केलं. एवढंच माझं शिक्षण.

लेक दीपा नाताळच्या सुट्टीत आली आहे नागपूरहून. नर्सिंगचं तिसरं वर्ष. मायलेकींचं काहीतरी शिजतंय. मी आत गेलो की दोघी गप्प!

२८ डिसेंबर, रविवार

कळलं. जेवताना कळलं.

"पप्पा, रागावू नका. मम्मीले चित्रकलेच्या कॉलेजात ॲडमिशन भेटली. औंदा क्लास उशिरा, पाच तारखेपासून हाय. माही सुट्टी संपली का आमी दोघी सोबतच जातो. माह्याच खोलीवर राहीन ते."

मला वाटलं चेष्टा. रत्नमाला खाली मान घालून भाकरी थापत होती. एक्केचाळीस वर्षांची बाई! फॉर्म सप्टेंबरात भरला. नोव्हेंबरात परीक्षा दिली — मला सांगितलं होतं मावसबहिणीचं बाळंतपण आहे.

"काहून सांगतलं नाई मले?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, कायले पायजे कॉलेज, मी हाय न शिकवाले."

तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. बंद केलं. भाकरी अर्धी राहिली.

३१ डिसेंबर, बुधवार

फायबरचं रेझिन घट्ट धरत नाही. थंडी फार.

२ जानेवारी, शुक्रवार

आमची कामाची पद्धत इथं लिहून ठेवतो, कारण उद्यापरवापासून ती राहणार नाही.

मूर्ती उभी करायची मी. साचा, फायबर, घासणं, रंग — सगळं मी. शेवटी डोळे. त्या दिवशी रत्नमाला स्वयंपाक लवकर आटोपते आणि मूर्तीपासून दहा-बारा फुटांवर जमिनीवर मांडी घालून बसते. विहारात माणूस जिथं बसून वर पाहील, तिथं. मी घोडीवर, लाकडी शिडीवर, चढून पेन्सिल पापणीवर धरतो. ती खालून सांगते — "खाली. आणखी. जराशीक वर. हां, तिथंच." मी खूण करतो. मग मी उतरतो, ती चढते आणि दोन रेघा ओढते. रबर कधी लागला नाही.

आज ती म्हणाली, "इंझोरीचे डोळे करूनच जातो मी."

कसे करणार! पुट्टी ओली, रंगाचा पत्ता नाही.

म्हटलं, "काई गरज नाई. डोळे म्हंजे काय, दोन रेघा. मी करतो."

तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे. बोलली असती तर बरं झालं असतं.

३ जानेवारी, शनिवार

तिच्यासाठी चित्राचा स्टँड केला. सागवानी, घडीचा. तीन पाय, उंची कमी-जास्त होते, बिजागरी पितळेची. दिवसभर तेच केलं. इंझोरीच्या मूर्तीकडे बघितलंही नाही.

शेजारच्या हेमलाबाईनं कुंपणावरून विचारलं, "बायकोले शाळेत टाकून राह्यला म्हनते? डबा कोन भरन?"

म्हटलं, मी भरीन. हसत सुटली म्हातारी.

४ जानेवारी, रविवार

पोचवून परत आलो. अंग आंबलंय. तरी लिहितो.

आमच्या जऊळक्याहून उजाडता निघालो. छोट्या हत्तीत पुढं आम्ही तिघं, दीपा मधी. मागं एक पेटी, गादी, तांदळाची गोणी आणि स्टँड. समृद्धीनं चला म्हणत होती दीपा. मी जुन्याच रस्त्यानं घेतली. मालेगाव, शेलूबाजार, कारंजा. टोल वाचतो म्हणून सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. हा रस्ता लांबतो.

धुकं होतं. तुरी काढणीला आलेल्या. शेलूबाजारला चहा घेतला, टायर बघितले. कारंज्याला पुन्हा थांबलो, पुन्हा टायर बघितले.

"पप्पा, हवा आपोआप जाते का टायरातली?"

"पाहू दे त्याइले," रत्नमाला म्हणाली. "गाडी वापस पलटवाले बहाना पायजे त्याइले."

दीपा हसली. मी नाही हसलो. खरंच होतं ते.

कारंज्याच्या पुढं बोलायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं — पुढच्या वर्षी जा, इंझोरीचं होऊन जाऊ दे. पण ती काचेला नाक लावून बसलेली. एका ठिकाणी कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली पुढं होती, जाळीतून कापूस बाहेर आलेला, त्यावर नुकतं ऊन पडलं. ती म्हणाली, "पांढरा नाई हो तो. निळा हाय. पाहा न नीट."

मी पाहिलं. मला पांढराच दिसला. वीस वर्षं रंगात हात आहेत माझे. मला पांढराच दिसला!

पुढं वाक्य काढलंच नाही.

नागपुरात आधी कॉलेज दाखवलं दीपानं. रविवार, फाटक बंद. वॉचमन आला. दीपाकडे बघून म्हणाला, "पोरीची ॲडमिशन का?"

रत्नमाला पुढं झाली. "पोरीची नाई भाऊ. माही."

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग फाटक थोडं उघडलं. "या मग मॅडम, पाहून घ्या आतून."

मॅडम! त्या दोघी आत गेल्या. मी गाडीजवळ थांबलो. टायर बघितले.

६ जानेवारी, मंगळवार

फोन आला. वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. हिला काकू म्हणतात. सर तिशीचे. हिला पहिल्याच दिवशी मडकं आणि दोन कांदे काढायला लावले.

"आनं स्टँड?" मी विचारलं.

"कॉलेजात लोखंडी हायेत प्रत्येकाले. तुमचा खोलीवर ठेवला." मग मागून दीपाचा आवाज — "मस्त हाय पप्पा, टॉवेल वाळतेत त्याच्यावर!"

१० जानेवारी, शनिवार

घासकाम संपलं. भात जळाला.

१४ जानेवारी, बुधवार

रंग झाला. आज डोळे करायला घेतले.

घोडीवर चढून खूण केली. उतरलो, बसलो, पाहिलं — वर झाली. पुन्हा चढलो. उतरून पाहिलं — डावी खाली. चढणं-उतरणं करून गुडघे गेले. हेमलाबाईला आणून बसवलं. म्हटलं, इथं बस, वर की खाली तेवढं सांग. ती मूर्तीला हात जोडून बसली. मी वरून विचारतो, "वर का खाली?" ती म्हणते, "चांगलं हाय." पेन्सिल बोटभर सरकवली. "आता?" — "आताही चांगलं हाय बाप्पा. देवाले वाईट कसं म्हनू?"

शेवटी जुन्या फोटोवरून माप घेतलं. भुवईपासून पापणी, नाकापासून कोपरा, सगळं प्रमाणात बसवलं. सुतासारखं. रेघा ओढल्या. मापात चूक काढून दाखवावी कोणी!

१९ जानेवारी, सोमवार

इंझोरीच्या विहार कमिटीचे जगदेवभाऊ आले मूर्ती पाहायला. जयभीम झालं, चहा झाला. मूर्तीसमोर बसले. बराच वेळ बसले. मग जागा बदलून बसले.

"काय झालं, भाऊ?"

"राग नका मानू. मूर्ती लय सुंदर हाय. पन भगवान आमच्याकडं पाहून राह्यले न."

"मग?"

"म्हंजे... वर्गनी भरली का नाई, असं विचारून राह्यल्यासारखे पाह्यतेत."

मला हसू यायला हवं होतं. बसून पाहिलं. खरंच तसं. मूर्तीनं आत पाहावं, ही बाहेर पाहते. माप बरोबर, नजर चूक!

जगदेवभाऊ जाताना म्हणाले, "बाई कुठं हायेत?"

म्हणजे डोळे तिचे असतात हे गावोगाव माहीत होतं. मलाच वाटत होतं की कोणाला माहीत नाही.

डोळे खरवडले.

२१ जानेवारी, बुधवार

व्हिडिओ कॉल करून बघितला. मोबाईल जमिनीवर ठेवला, मी वर. "खाली... नाई, वर... थांबा, अटकून राह्यलं." मग तीच म्हणाली, "फोनात खोलपना दिसत नाई हो. डोळा सपाट दिसते. नाई होनार."

तिचाही आवाज पडलेला. सरांनी मडकं परत काढायला लावलं म्हणे, चौथ्यांदा. एक विषय इंग्रजीत आहे, त्यातलं काही कळत नाही.

२५ जानेवारी, रविवार

मूर्तीच नेली नागपूरला.

दुसरं काय करणार होतो! पाळण्यात आडवी, भोवती सोयाबीनच्या कुटाराची, भुशाची पोती, वरून रत्नमालाची गोधडी. या वेळी समृद्धीनं. कुठं थांबलो नाही.

दीपाच्या खोलीखालच्या पार्किंगमध्ये उतरवली. पाच-सहा पोरं लागली हाताला, हिच्याच वर्गातली. "काकू, हे तुमचं काम आहे?" ती म्हणाली, "याइचं काम हाय. मी निस्ती डोळे लिहितो."

स्कूटरी बाजूला केल्या. ती फरशीवर मांडी घालून बसली, मी घोडीवर. "खाली. आणखी. जराशीक वर. हां, तिथंच." मग ती चढली. दोन रेघा.

मी खाली बसून पाहिलं आणि मान वर ठेवता येईना.

नंतर पोरं पांगली. ती ब्रश धूत होती. पाठ माझ्याकडे.

"मले नाई जमून राह्यलं, दीपाचे पप्पा. पोरं भराभर काढतेत. मी मडक्यातच अटकली. मोठं काम आलं असन तं सांगा. येतो मी. कामासाठी आली म्हनलं का कोनी हसनार नाई."

मला 'चल' म्हणायचं होतं. गाडी उभी होती. पाळण्यात मूर्ती ठेवूनही ती अन् पेटी मावली असती! 'राहा' म्हणायची हिंमत नव्हती, 'चल' म्हणायची लाज वाटली. ब्रश पुसून दिले.

मग म्हटलं, "काम नाई सध्या काई."

२ फेब्रुवारी, सोमवार

काल इंझोरीत मूर्ती बसली. बायका रांगेनं समोर बसल्या, कोणी हललं नाही. जगदेवभाऊंनी माईकवर माझं नाव घेतलं. मी उठून सांगितलं — डोळे रत्नमालाबाईंचे. टाळ्या झाल्या. फोनवर तिला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, सरांनी मडकं पास केलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

यवतमाळकडची कमिटी आली होती, दोन गाड्या करून. टेकडीवर नवा विहार. बारा फुटांची मूर्ती, जागेवरच करायची, आणि चारी भिंतींवर चित्रं. अट एकच — डोळे अन् चित्रं बाईंनीच करायची, होळीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत दोघांनी तिथं मुक्काम करायचा. अर्धे पैसे टेबलावर ठेवले.

म्हटलं, जमत नाही. बाई कॉलेजात आहेत.

तिला सांगितलेलं नाही. सात लाख ऐंशी हजाराचं काम.