घसरले का ढकलले

१० नोव्हें., सोम.
क्रिमिनल लॉचा तास. सर म्हणाले, नुसतं कृत्य पुरत नाही, मनात काय होतं तेही बघतात. मन दिसत नाही, म्हणून ते कृत्यावरून ओळखायचं. मागच्या बाकावरून कुणीतरी, "सर, ओळखायला चुकलं तर?" सर नुसते हसले. डब्यात मामीची शेंगाचटणी. बरा दिवस.

१२ नोव्हें., बुध.
सकाळी पाणी आलं. शेजारच्या बिराजदारकाकांनी पुन्हा नळाला मोटार लावली, आमच्याकडं धार बारीक. मामा चिंचोळीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकताच आलेला. बाहेर गेला. दोघांची जुंपली. काका माझ्या आजीवरून काहीतरी घाण बोलले. मामानं छातीवर हात ठेवून ढकललं. काका पायरीवरून मागं पडले, मनगट मोडलं. मी दारातच उभी. मामानंच उचललं, रिक्षा बोलावली.
अभ्यास नाही झाला.

१३ नोव्हें., गुरु.
काकांच्या मुलानं पोलिसात तक्रार दिली.
जेवताना मामा म्हणाला, "तू बघितलंस न्हवं? घसरला म्हण की. पायरी वली हुतीच."
ओली होती, खरंय. "पण मामा, ते घसरले नाहीत."
"मी काय त्येला मारायला गेलतो व्हय?"
"नाही."
"मंग?"
मामी ताटात बघत बसली. माळशिरसला आईचं मन वळवून मला शिकायला इथं आणलं ते मामानंच. वकील व्हायचं आधी त्याच्याच डोक्यात आलं, मग माझ्या.

१५ नोव्हें., शनि.
नाव न घेता सरांना विचारलं. "पाहिलं तेवढं सांगायचं. अर्थ लावणं कोर्टाचं काम." वर्गात सोपं वाटलं. घर येईस्तोवर अवघड झालं.

१७ नोव्हें., सोम.
हवालदार घरी आले. बाईमाणसाचा जबाब घरीच घेतात. सगळं सांगितलं. मोटार, आजीवरचं बोलणं, ढकलणं, उचलणं, रिक्षा.
"घसरले का?"
"नाही. ढकलल्यामुळं पडले."
मामा आतल्या खोलीत. ऐकू गेलं असणार. मामीनं हवालदारांना चहा दिला, माझ्याकडं बघितलं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
मामा बोलत नाही. डबा मात्र भरलेला होता. आईचा फोन. "घरचं माणूस हाय ते. येवढं शिकून तुला कळंना व्हय?" कळतं. म्हणून तर डबा तसाच परत आणला.

२० नोव्हें., गुरु.
मामा आज आपणहून बोलला. कामाला निघालेला, बूट घालत.
"ढकललं तवा माजं तोंड दिसत हुतं तुला?"
"हो."
"राग हुता?"
"होता."
"त्येला पाडायचंच हुतं, आसं वाटलं?"
मी आठवून बघितलं. पुन्हा बघितलं. बसची वेळ झाली होती, तरी तो थांबला. मग नाडी बांधून उठला.
"मलाबी म्हाईत न्हाय," म्हणाला, आणि गेला.